उजवा खांदा पाऊण इंच खाली

४ जानेवारी

बॉबिन,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो, कारण पुढचं वाचलंस की तू आरडाओरडा करशील आणि आशीर्वाद राहून जातील.

माझं पुस्तक जप्त झालं. काल सकाळी आक्षेप मंडळाची दोन माणसं दुकानात आली. मला वाटलं पँटी कमी करायला आली असतील, कारण दोघांच्याही पँटी बुटावर लोळत होत्या. पण त्यांनी कागद काढला. 'गळ्यात टेप' या पुस्तकात एका नागरिकाची बदनामी झाली आहे आणि पुस्तक अश्लीलही आहे, अशी तक्रार आली आहे. निकाल लागेपर्यंत सगळ्या प्रती मंडळाच्या कपाटात राहणार. छापखान्यातून तीनशे आणि दुकानातून बारा उचलल्या. गठ्ठे बांधायला त्यांच्याकडे सुतळी नव्हती, ती मीच दिली. गाठही मीच मारली, कारण त्यांना ती धड येत नव्हती.

निकाल विरुद्ध गेला तर प्रतींचा लगदा करतात म्हणे.

टेलर मास्तरच्या पुस्तकात अश्लील काय असणार, हे मला अजून उमगलेलं नाही. चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतली. माप देताना माणूस हात लांब करून उभा असतो, त्याला दुसरं काही करता येत नाही, मग तो बोलतो. ते मी लिहिलं. एकाचंही नाव घातलं नाही. माझ्या वहीतसुद्धा नावं नसतात हे तुला ठाऊक आहे, मला माणसं मापावरूनच लक्षात राहतात. पुस्तकातही प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर नुसतं माप आहे, बस.

तक्रार केलीय आपल्या कवायतीच्या सरांनी. तेच, तुझ्या शाळेतले. त्यांचं म्हणणं, नवव्या प्रकरणातला माणूस म्हणजे ते.

मी काही घाबरलेलो नाही. कायदा काय म्हणतो तेवढं कळव. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं तुझी काकू ओरडून सांगते आणि मग ते आधी गल्लीला कळतं.

तुझा काका

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. घाबरलेलो नाही हे साफ खोटं आहे. कालपासून दोरा न ओवताच मशीन चालवतायत. दोन वर्षं पॅटर्नच्या खाकी कागदांवर बसून हे पुस्तक लिहिलंय गं त्यांनी. लगदा झाला तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. काकू.


१० जानेवारी

काका (आणि पाकिटात डोकावणाऱ्या काकू),

पत्र ऑफिसात वाचलं. सुतळीपाशी इतकी हसले की आमच्या मोठ्या वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आठ वर्षं मी इथे घरभाडं आणि भिंतीची ओल यांच्याच केसेस लिहितेय. आयुष्यात एकदा पुस्तकाची केस वाट्याला आली, तीही घरची. माझे हात शिवशिवतायत.

आता नीट ऐका. पुस्तक अश्लील आहे की नाही, हे चार शब्द उचलून ठरवता येत नाही, अख्खं पुस्तक विचारात घ्यावं लागतं. तुमच्या मंडळाची नियमावली मी मागवून वाचली. त्यात एक झकास नियम आहे. लेखकाने मागणी केली तर पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुनावणीत मोठ्याने वाचलंच पाहिजे, आणि सुनावणीला कुणालाही बसता येतं. ही मागणी सहसा कुणी करत नाही, कारण सगळ्यांना घरी जायची घाई असते. तुम्ही करा. अर्ज सोबत जोडलाय, फक्त सही ठोका.

राहिली बदनामी. माझी बदनामी झाली म्हणणाऱ्याने आधी तो माणूस मीच, हे दाखवावं लागतं. तुम्ही काय लिहिलंय? छाती चाळीस, कंबर अडतीस, उजवा खांदा पाऊण इंच खाली, म्हणून कोटाला त्या बाजूला आतून भरणी. म्हणजे सरांना भर सभेत सांगावं लागणार की बघा, माझा खांदा पडलेला आहे. मी जरा पोक काढून उभी होते म्हणून ज्या माणसाने मला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या, त्याला. काका, मला फार आनंद होतोय आणि मी तो लपवणार नाही.

तो माणूस खरोखर सरच आहेत का, हे मला सांगू नका. मला माहीत नसलेलं बरं.

आणि थट्टा बाजूला. तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलंय. तसं दुसरं कुणी लिहिलेलं नाही. एकाला रुचलं नाही म्हणून ते लगद्यात जावं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. मशीनमध्ये दोरा ओवा.

बॉबिन


२१ जानेवारी

बॉबिन,

दोरा ओवलाय. तुझा तो अर्ज वाचून मंडळाच्या कारकुनाचं तोंड उतरलं, कारण वाचायचं काम त्याच्याकडेच आलं. त्याला सर्दी झालीय.

पहिल्या दिवशी आम्ही आठ-नऊ जणच होतो. मंडळाचे तिघे एका टेबलामागे. अध्यक्ष म्हणून त्या औषधांच्या दुकानाच्या बाई आहेत, दुकान आता त्यांच्या सुनेने घेतलंय. पुढच्या खुर्चीत सर, पाठ भिंतीसारखी. मी, तुझी काकू आणि छापखान्याचे मालक मागे. कारकुनाने वाचायला घेतलं. मी मान खाली घालून बसलो होतो. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून, तेही चोंदलेल्या नाकाने ऐकणं फार अवघड असतं. तिसऱ्या पानावर, नवरदेवाची पँट उसवते तिथे, खुर्च्या लावणारी बाई फिस्सकन हसली. मग अध्यक्षबाई हसल्या. मग मी मान वर केली.

दुसऱ्या दिवशी बसायला जागा नव्हती. शेजारच्या वाचनालयातून बाकं आणावी लागली. दुधवाली, बँकेतले दोघं, तुझ्या आईची मैत्रीण, कोण नव्हतं ते विचार. तक्रारीला जोडून अश्लील शब्दांची यादी होती: छाती, मांडी, कंबर, सीट, आतली शिलाई. दुपारी अध्यक्षबाईंनी ती यादी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "हे अश्लील असेल तर मी तीस वर्षं अश्लील दुकान चालवलं." तो मुद्दा तिथेच निकालात निघाला.

दुकानात आता कुणी कपडे घेऊन येत नाही. येतात आणि विचारतात, मी कितव्या प्रकरणात. जे पुस्तकात आहेत ते लाजतात, जे नाहीत ते चिडलेत. दुधवाली म्हणाली, "वीस वर्षं तुमच्याकडे शिवते आणि माझ्यावर एक ओळ नाही?" तिला मी दुसऱ्या भागाचं कबूल केलंय. दुसरा भाग लिहायचा आहे, हे मला तेव्हाच कळलं.

आठ प्रकरणं झाली. नववं आल्यावर अध्यक्षबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, या प्रकरणावर वाद आहे, तर आधी हा माणूस कोण ते ठरवू, मग वाचू. एकोणतीस तारखेला सरांचं माप घेणार आहेत. घेणार कोण, तर माझ्या दुकानासमोरचा टेलर, मला तो मान नाही.

सर माझ्याशी बोलत नाहीत. पूर्वी दुकानावरून जाताना मान हलवायचे.

तुझा काका

ता. क. स्वतःचाच कोट तीनदा इस्त्री केला. जेवण व्यवस्थित आहे. मीही एका प्रकरणात आहे आणि मला विचारलं नव्हतं, ते नंतर बघते. काकू.


२५ जानेवारी

काका,

हे सोन्यासारखं झालं. घेऊ द्या माप. जुळलं नाही तर तक्रार संपली. जुळलं तर उरलेल्या पन्नास गोष्टी सिद्ध करायच्या आहेतच.

तुम्ही फक्त एक करा, गप्प बसा. तोंडात टाचण्या धरून तासन्‌तास काम करायची तुम्हाला सवय आहे, तशाच धरा असं समजा. विचारलं तरच बोला आणि विचारलं तेवढंच. उंटावरून शेळ्या हाकतेय म्हणाल, पण रजा मिळत नाही, नाहीतर पुढच्या बाकावर येऊन बसले असते.

सगळं सविस्तर कळवा. सरांचा चेहरा कसा झाला तेही.

बॉबिन


३० जानेवारी

बॉबिन,

माप झालं. समोरचा टेलर नवी कोरी टेप घेऊन आला होता. सरांची छाती एकोणचाळीस भरली, कंबर सदतीस, दोन्ही खांदे सारखे. म्हणजे पुस्तकाशी एकही आकडा जुळला नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, वीस फेब्रुवारीला शेवटची तारीख, तोवर दुसरा पुरावा आला नाही तर तक्रार फेटाळून प्रती परत देऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझी पाठ थोपटली.

म्हणजे आपण जिंकलो. तू हुशार आहेस.

सर्वांना नमस्कार सांग.

काका


३१ जानेवारी

बॉबिन,

विजयाचं पत्र मिळालं असेल. एवढंसं पत्र तुझ्या काकाने कधी लिहिलंय का? म्हणून मी वेगळं लिहिते. हे पाकीट मी स्वतः टपालात टाकणार आहे.

त्यांच्या टेपच्या टोकाची पितळी पट्टी तीस वर्षांपूर्वी निघाली आणि पहिला इंच फाटला. तो त्यांनी कापून टाकला. नवी टेप घ्या म्हणून मी किती वेळा सांगितलं, पण हात बसलाय म्हणतात. त्याच टेपने माप घेतात आणि त्याच टेपने कापड बेततात, म्हणून कपडा अंगात बरोबर बसतो. पण वहीतला प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा एक इंच जास्त असतो. त्यांचे चाळीस म्हणजे एकोणचाळीस. अडतीस म्हणजे सदतीस. आता तूच बघ काय ते.

आणि खांदा. मी आयुष्यभर काजं केलीत, मला दोन सुतांचा फरक दिसतो. माप देताना सरांनी उजवा खांदा ओढून वर धरला होता. मानेची शीर फुगली होती, कपाळाला घाम होता. एक क्षण खांदा सोडला असता तर त्यांची बाजू खरी ठरली असती. तेवढ्यासाठीच ते आले होते आणि तेवढंच त्यांच्याने झालं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा ते तसेच ताठ बाहेर गेले.

तुझा काका घरी आला आणि कोट न काढता बसून राहिला. मला म्हणाला, "मी त्यांचं काय केलं ते आज दिसलं." आता मंडळाला जाऊन टेपचं सांगतो म्हणतायत. सांगितलं तर पुस्तक जाईल. नाही सांगितलं तर हे असेच बसून राहतील. मला दोन्ही नको आहे. तू शिकलेली आहेस, काहीतरी सुचव.

काकू


५ फेब्रुवारी

काकू, काका,

हे पत्र कालचं आणि आजचं असं दोन्ही आहे. कालचं फाडणार होते, पण राहू दे, माझं मलाच लक्षात राहावं म्हणून.

काल लिहिलं ते असं: काका, खबरदार मंडळाकडे गेलात तर. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सिद्ध करायचं काम सरांचं आहे, तुमचं नाही. उद्या प्रत्येक जण अमुक पान मला लागलं म्हणून पुस्तकं कपाटात घालायला लागला तर लिहिणाऱ्यांनी काय नुसत्या बिल्ले-बटणांच्या याद्या लिहायच्या? तुम्ही या जिंकलेल्या केसवर पाणी ओतलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

इथवर कालचं. वकिलीच्या दृष्टीने ते अजूनही बरोबर आहे.

आज दुपारी डबा खाताना नववं प्रकरण पुन्हा वाचलं. पहिल्या दोन वेळा मी एका ओळीवरून सरळ पुढे गेले होते. तुम्ही लिहिलंय: "'मास्तर, हे तुमच्या-माझ्यात,' असं तो म्हणाला. तीस वर्षं ते तसंच राहिलं." काका, तीस वर्षं राहिलं आणि मग एक्क्याण्णवाव्या पानावर छापून आलं. ओळ तुम्हीच लिहिलीत, प्रूफही तुम्हीच तपासलंत. तुमच्याही ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मला सरांना हरवायचं होतं ना, त्या पाच फेऱ्यांसाठी. पस्तिशीची बाई मी, लाज वाटली.

पण म्हणून पुस्तकाला टाळं लागावं, हे मला आजही मान्य नाही. बंदी वेगळी आणि माफी वेगळी. बंदी मंडळाच्या हातात आहे, माफी नाही. तिच्यासाठी मंडळाकडे कशाला जाता? सरांच्या घरी जा. मंडळात काय बोलायचं ते त्यानंतर ठरवा.

बॉबिन


१३ फेब्रुवारी

बॉबिन,

गेलो होतो. तुझं पत्र आल्यावर तीन-चार दिवस धीर होईना. काल तुझ्या काकूने चपला दारात आणून ठेवल्या.

सरांनीच दार उघडलं, बनियनवर होते. तीस वर्षांत मी त्यांना माप घेतानाच तसं पाहिलंय. उजवा खांदा जागेवर, म्हणजे खाली. मला बघताच वर गेला. आतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, ते मास्तर आहेत, त्यांच्यासमोर कसला ताठा?" तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

बसा म्हणाले नाहीत, म्हणून उभ्यानेच बोललो. मी म्हटलं, सर, पुस्तक लिहिलं याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी तुम्हाला न विचारता छापलं, तिथे मी चुकलो. नाव घातलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. मी माणसं मापावरून ओळखतो, पण स्वतःचं माप वाचून माणूस स्वतःला ओळखतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुम्ही म्हणाल तर ते पान मी माझ्या हाताने कापतो, तीनशे बारा प्रतींतून. कात्री बरोबर नेली होती. ती दाखवली तेव्हा सर जरा मागे सरकले.

मग ते बोलले. त्यांना कुणीतरी टपालाने एकच पान पाठवलं होतं, झेरॉक्स काढलेलं, खांद्याच्या ओळीभोवती लाल गोल. मी विचारलं, पुढचं पान वाचलंत का?

"कुठून वाचणार?" म्हणाले. "पुस्तकं कपाटात आहेत."

"ती तुम्हीच ठेवायला लावलीत."

त्यांची बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की भांडं पडलं. सर हसले नाहीत, पण मिशी हलली.

बॉबिन, म्हणजे या माणसाने बंदी मागितली ती न वाचलेल्या पुस्तकावर, आणि मागितल्यामुळेच त्याला ते वाचता येईना. पुढच्या पानावर काय आहे ते तुला माहीत आहे. शाळेच्या बँडचा मोठा ड्रम मुलांना पेलत नव्हता, म्हणून बावीस वर्षं एका माणसाने त्याचा पट्टा उजव्या खांद्यावर घेतला आणि मुलांच्या मागून चालला. अख्ख्या शाळेने तो ड्रम पाहिला, खांदा कुणी पाहिला नाही. मी लिहिलंय की असला खांदा टेलरने सरळ करायचा नसतो, नुसती त्याला सोबत म्हणून भरणी द्यायची. सर ओळखता आले तर या पानावरून येतील, तरी मी म्हणत होतो नाव कुठे घातलंय.

माझे मूळ खाकी कागद नेले होते, ते पुढे केले. त्यांनी घेतले, वाचले नाहीत. म्हणाले, "ठेवा इथे. या आता." दार लावलं. म्हणजे माफ केलं की नाही ते मला सांगता येणार नाही.

मी ठरवलंय. वीस तारखेला उभा राहून टेपचं सांगणार. त्यांचं म्हणणं खरं आहे एवढं तरी त्यांना मिळायला हवं. पुस्तक गेलं तर गेलं. 

काका


१६ फेब्रुवारी

काका,

या वेळी अर्ज जोडलेला नाही. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मी लेखी देते.

एकच विनंती. टेपचं खरं सांगा, पण बंदी योग्य आहे असं चुकूनही म्हणू नका. सर खरे आहेत आणि पुस्तकही राहायला हवं, ही दोन्ही वाक्यं एका माणसाला एका दमात म्हणता येतात. म्हणून बघा. लगदा झालाच तर माझ्याकडे एक प्रत आहे. ती मी रोज संध्याकाळी बसून हाताने उतरवून काढेन, तीनशे बारा नाही, पण काही होतील.

काकूला म्हणावं, त्या दिवशी तुमच्या शेजारी बस.

बॉबिन


२१ फेब्रुवारी

बॉबिन,

कालची गोष्ट एका दमात लिहितो, मध्ये थांबलो तर मला रडू येईल आणि कागद भिजेल.

माणसं जिन्यापर्यंत उभी होती. मी गळ्यातली टेप काढून उठलो. "अध्यक्षबाई, या टेपबद्दल मला," एवढंच म्हटलं, तेवढ्यात पुढून आवाज आला, "मास्तर, बसा. आधी मी." मैदानावरचा आवाज तो. मी बसलोच, पण माझ्या मागे उभे असलेले चार जणही मटकन खाली बसले.

सर मधोमध जाऊन उभे राहिले. कोट काढून खुर्चीवर ठेवला. समोरच्या टेलरला म्हणाले, टेप आणा. तो आला. सर नेहमीसारखे ताठ, हनुवटी वर, उजवा खांदा ओढलेला. शीर फुगलेली मला मागून दिसत होती. काकूने माझा हात धरला.

मग सरांनी हुकूम दिला. मोठ्याने नाही, स्वतःपुरता. म्हणाले, "विश्राम."

आणि खांदा सोडला. हळूहळू खाली आला तो, आपल्या जागेवर जाऊन थांबला. समोरच्या टेलरने माप घेतलं, खात्रीसाठी पुन्हा घेतलं आणि आकडा सांगितला, उजवा पाऊण इंच खाली. मी उठून टेपच्या कापलेल्या इंचाचंही सांगितलं. तुझी दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली, सर खरे आहेत आणि पुस्तकही राहायला हवं. 

अध्यक्षबाईंनी आकडा लिहून घेतला. मग सरांना म्हणाल्या, "तुमचं सिद्ध झालं. आता तक्रार चालू शकते. पुस्तकावर बंदी हवी आहे का?"

"बंदी कशाला?" सर म्हणाले. "मी फक्त तो माणूस मीच, हे सांगायला आलो. मास्तरांनी विचारायला हवं होतं, त्यांनी विचारलं नाही, ते आम्ही दोघं आपसांत बघू. पान तसंच राहू द्या. फक्त त्यात एक चूक आहे. ड्रम बावीस वर्षं नाही, चोवीस वर्षं वाहिला. तेवढं सुधारा."

अख्खी खोली हसली. मी कबूल झालो. बाईंनी तिथेच तक्रार मागे घेतल्याची सही घेतली आणि कपाट उघडायला सांगितलं. माझीच सुतळी, माझीच गाठ, त्यांना सुटेना. मीच सोडली.

मला वाटलं संपलं. पण बाई म्हणाल्या, नियम तो नियम, अर्ज आहे, पुस्तक शेवटपर्यंत वाचलं गेलं पाहिजे, नवव्या प्रकरणापासून पुढचं राहिलंय. कारकुनाने पुस्तक उचललं आणि शिंकला.

सरांनी हात पुढे केला. "आणा इकडे, मी वाचतो."

बॉबिन, त्यांनी वाचलं. कोट खुर्चीवर, खांदा सैल, मैदानावरचा तोच आवाज. स्वतःची छाती, स्वतःची कंबर, भरणी, ड्रमचा पट्टा, सगळं. बावीसच्या जागी चोवीस. 'तुमच्या-माझ्यात' ही ओळ आली तिथे ते थांबले, मला शोधलं आणि मान हलवली. पूर्वी दुकानावरून जाताना हलवायचे तेवढीच. मग जिन्यातल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती ओळ वाचली. त्यांची बायको पहिल्या बाकावर बसून डोळे पुसत होती आणि हसत होती. माझं काय झालं ते लिहीत नाही, काकू सांगेल.

प्रकरण संपलं. सर्वांना वाटलं, आता ते पुस्तक परत देतील. सरांनी पान उलटलं, घसा खाकरला आणि दहावं सुरू केलं. त्यांना कुणीच थांबवलं नाही.

काका